आंबील न पिणारे आण्णा

वायरमन आण्णा तोंडात काहीही घालण्याआधी ते नाकाला लावायचे. पाणी, चहा, देवळातलं तीर्थ, खोकल्याचं औषध, काहीही. लग्न होऊन मी या घरात आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातच्या चहाची बशी दोनदा हुंगली. मी मनात म्हटलं, बघा तरी नखरे मेल्याचे! माझं माहेर तेरच्या बाजूचं. आमच्याकडं पाहुणा असा वास घ्यायला लागला, तर त्याला पुन्हा कुणी चहा विचारलाच नसता.

आण्णा आमच्या नात्यातले नव्हते. माझे सासरे आणि ते एकाच वेळी वायरमन म्हणून लागले. सासरे ड्यूटीवर असताना खांबावर शॉक लागून गेले, त्यांच्या जागेवर माझ्या मालकांना घेतलं आणि ते आण्णांच्याच जोडीला आले. मला घरात एवढंच सांगितलं होतं. मालक खांबावर चढायचे आणि आण्णा वीज बंद करून खाली डीपीजवळ थांबायचे. काम संपलं तरी आण्णा लगेच लाइन सोडत नसत, म्हणजे तारेत वीज चालू करत नसत. वरच्या माणसानं खाली यायचं, त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. रोजचा माणूस, तरी नाव सांगायचं! बघणारे हसायचे. आण्णा म्हणायचे, "हसा की. हसायला बी जित्ता मानूस लागतुया."

दिवाळीपासून एकतीस डिसेंबरापर्यंत आण्णांना रस्त्यानं धड चालता यायचं नाही. कुणाचा मांडव, कुणाची रोषणाई, कुणाची मोटर. आमच्याकडं वायरमनचा मान नुसत्या चहावर भागत नाही. "आण्णा, सणाचं वाईच घ्या की," म्हणून कुणीतरी बाटली पुढं करणारच. आण्णा खिशातले फुटाणे काढून तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "तुमी पिऊन तारंवर आकडा टाकू नगा, म्या पिऊन लाइन सोडत न्हाय. दोघं बी जगू." रागावले मात्र कधी नाहीत.

हे सगळं मला पटायचं. पण आंबील? मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमची येळवस. गावाला कुलूप लागतं, सगळी माणसं वावरात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडव पुजायचे, मग सगळ्या शेंगभाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून मडक्यात आंबवायचं, झाली आंबील. देवाला चालते, लेकराबाळांना चालते. आता दोन पेले झाले की सगळं शिवार बाभळीखाली घोरत पडतं हे खरं, पण म्हणून तिला कुणी दारू म्हणत नाही. आण्णा दर येळवसला आमच्याच वावरात यायचे, तीन-तीनदा भज्जी मागून घ्यायचे आणि आंबिलीच्या पेल्यावर तळहात ठेवायचे. माझी आंबील भावकीतल्या बायका मडकं घेऊन मागायला येतात हो! तीन वर्षं मी तो तळहात बघितला आणि तीन वर्षं माझं डोकं फिरलं.

चौथ्या साली आण्णांना सर्दी झाली होती. नाक पार चोंदलेलं. मला काय अवदसा आठवली कोण जाणे! मी आंबील पाणी घालून पातळ केली, मीठ-कोथिंबीर टाकली आणि ताक म्हणून पेला पुढं केला. सवयीनं त्यांनी तो नाकाला लावला. वास कुठला येतोय?

"सूनबाई, ताक ताजं हाय नव्हं?"

"सकाळचंच हाय, आण्णा."

दोन पेले प्यायले. मी टाळी वाजवली. "पचली की आंबील! चांगली तीन दिवसांची होती!"

मला वाटलं, आता सगळे हसतील. आण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उठले, कोपीच्या मागं गेले आणि घशात बोटं घालून ओकायला लागले. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. ओढ्याकडची तार तुटली होती. मालक हातमोजे घेऊन उठले, पण आण्णांनी मातीत बसकण मारली आणि साहेबांना फोन लावला. "साहेब, म्या आज पेलोय. दुसरा मानूस धाडा." साहेबांचं हसणं मला लांबून ऐकू आलं. आण्णा म्हणाले, "आंबील का आसंना, पेलोय. म्या लाइनीला हात लावणार न्हाय." दुसरा वायरमन परंड्याहून यायला तीन तास लागले. तोवर लोकांनी आण्णांना नको नको ते ऐकवलं. ते मान खाली घालून पायीच घरी गेले.

"एवढ्याशा आंबिलीचं एवढं!" मी म्हणाले. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, माझ्याजवळ आल्या.

"चूक आमची. तुला सांगाया पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "तुज्या सासऱ्याला शॉक लागला, त्यो आण्णाच्या हातनं. आसाच येळवसचा दिस. आपल्याच वावरात दारू पिऊन ड्यूटीला गेलता. ह्ये खांबावर हायती, त्येच इसरला आन् लाइन सोडली."

मालकांकडं बघितलं, तर ते मान वळवून उभे. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं! ज्यानं बाप मारला, त्याच्याच भरवशावर हा माणूस रोज खांबावर चढत होता. आणि ही बाई त्याला त्याच दिवशी, त्याच वावरात, स्वतःच्या हातानं वाढत होती!

"अहो आत्या, मग त्याला दारात उभं तरी कसं केलंत?"

"तेराव्याला आला. पाय धरलं. वैनी, म्या जीव देतो म्हणला. म्या म्हणलं, मरून सुटतूस व्हय? जगायचं. शुद्धीत जगायचं. दर येळवसला हितं यायचं आन् माज्यासमूर शुद्धीत जेवायचं."

मी तशीच मातीत बसले. कुणाला भ्यावं, आण्णांना की आत्यांना, मला कळेना.

आठवड्यानं एकतीस डिसेंबर आला. सकाळीच आण्णा दारात. "वैनी, जिभंला चव आठवली. झोप न्हाय. आज गावात लई बाटल्या येत्याल. मला हितं बसू द्या." मी रडत त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "तुमाला काय ठावं, सूनबाई? दुसऱ्याला आसंल ती आंबील. मला ती दारूची धाकली भन हाय." दिवसभर आण्णा आणि आत्या समोरासमोर बसून शेंगा फोडत होते. दिवेलागणीला पारावर गाणी सुरू झाली. आण्णा दोनदा उठून दारापर्यंत गेले. आत्यांनी मान वर केली नाही. "बसा आण्णा, शेंगा ऱ्हायल्यात," एवढंच म्हणाल्या. दोन्ही वेळा ते परत येऊन बसले.

पुढं आण्णा रिटायर झाले आणि लेकीकडं सोलापूरला राहायला गेले. येळवसला मात्र एसटीनं यायचे. यंदा श्रावणात लेकीचा फोन आला, आण्णा गेले. पोटाचा आजार होता. आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"लई हाल झालं का गं?"

"लई झालं, काकू," ती रडत म्हणाली. मला बाजूला उभं राहून सगळं ऐकू येत होतं. "डॉक्टर रोज म्हणायचे, झोपेचं इंजेक्शन देतो, दुखायचं थांबंल. बाबा देऊच देईनात. शेवटपर्यंत नाही घेतलं. म्हणायचे, शुद्धीत राहीन म्हणून वैनीला शब्द दिलाय."

आत्यांच्या हातातून फोन खाली पडला. सासऱ्यांच्या आठवणीनंसुद्धा ही बाई कधी माझ्यासमोर रडली नव्हती. ती आता भिंतीला धरून खाली बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देत मलाच विचारायला लागली, "आगं, दुखत आसताना झोपू नगंस, आसं कवा म्हणलं हुतं म्या? कवा म्हणलं हुतं?"