माझा शोध आणि लॅबमधला कुलर

एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये मी एक शोध लावला होता. हसू नका. गोंदियातल्या आमच्या कॉलेजात गॅमा किरण मोजायचा डिटेक्टर होता. किरण आतल्या स्फटिकावर आदळला की तो चमकतो, त्या चमकेचा विजेचा पल्स होतो, आणि पल्स जितका उंच तितकी किरणाची ऊर्जा जास्त. कॉम्प्युटर त्या उंचींचा आलेख काढतो. समोर ठेवलेल्या सीझियमच्या नमुन्याचं शिखर हवं तिथे यायचं. पण त्याच्या डावीकडे एक टेकडीही यायची, रोज, न चुकता. मी तिच्यावर दीड पान ठोकून दिलं: हा आमच्या धानाच्या मातीतला किरणोत्सर्ग!

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. सर्दीने बेजार. आल्या आल्या म्हणाले, "आधी तो कुलर बंद करा."

शिपाईकाका बघतच राहिले. "मे महिना आहे जी! काऊन बंद करता?"

मी सगळी मोजमापं उन्हाळ्यातच घेतली होती, आणि उन्हाळ्यात कुलर बंद करायचा असला अघोरी विचार गोंदियात सुचतो कोणाला? काकांनी बटण दाबलं. मी मोजमाप सुरू केलं. सीझियम आलं. टेकडी गायब.

मी आलेख पुसून पुन्हा मोजमाप लावलं. "काका, लावा बरं कुलर." टेकडी टुणकन वर. बंद केला, सपाट. काकांना तर मजाच वाटायला लागली.

"म्हणजे माती कुलरात होती काय वं पोरी?"

असा संताप आला स्वतःचा! "सर, दीड पान खोटं आहे," मी रडकुंडीला येऊन म्हणाले. "हा कुलरच्या मोटरने तारांत सोडलेला विजेचा कचरा आहे. करा नापास."

"ते सोपं आहे हो," ते नाक पुसत म्हणाले. "कुलर चालू ठेवून ही टेकडी घालवून दाखवा."

मी एकेक पल्स स्क्रीनवर पाहिला. खरा झटकन चढायचा, निवांत उतरायचा. मोटरचा नुसताच वर-खाली थयथयाट. प्रोग्राममध्ये अट घातली: उतार निवांत नसेल तर मोजू नकोस. चुकली. पुन्हा घातली. तासभर परीक्षक त्या ओल्या वाऱ्यात नाकाला रुमाल लावून बसले. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी कुलर घरघरत होता आणि स्क्रीनवर सीझियम एकटंच उभं होतं.

त्यांनी दीड पानावर काट मारली, प्रोजेक्टवर सही केली आणि लागोपाठ सात शिंका दिल्या. मला इतकं भरून आलं की आभार मानायचे राहिलेच. धावत जाऊन मी कुलर बंद केला.