जेली थिजेपर्यंत

सोजर, म्हणजे माझी बायको, कुणालाही तोंडानं कधी ‘राहा’ म्हणाली नाही. पाव्हणा जायला उठला की त्याचा सदरा खुंटीवर नसायचा, बादलीत असायचा, साबण लावलेला. वर तीच विचारायची, "आता वल्ला घालून जाता का?" तिचा भाऊ चकलांब्याहून एका दुपारपुरता आला आणि माझं धोतर नेसून तीन दिवस राहिला. मी म्हणायचो, "सरळ राहा म्हण की." तर म्हणायची, "इचारलं की माणूस न्हाई म्हणतंय. इचारायचंच कावून?"

ती जाऊन वरीस होत आलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, गोडगोड लिहायला मला जमत नाही. सोजर भांडखोर होती, घोरायची, आणि शेळ्या माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकायच्या. पण जेलीचं सांगितलंच पाहिजे.

आमची एकच लेक, मंदा. पाटोद्याला दिलेली. माझ्या पुतण्याच्या लग्नात गडबडीत जावयाला फेटा बांधायचा राहिला, टॉवेल-टोपीवर भागवलं. जावई रुसला. दोन वर्षं स्वतः आला नाही आणि मंदालाही धाडली नाही. मी म्हणालो, "फेट्यापायी लेक अडवतो व्हय? जातो अन् कान धरून आणतो."

"तुमी गपगुमान घरी बसा," सोजर म्हणाली. "तुमी गेलात तर पोरगी जलमात दिसायची न्हाई."

जावयानं कधीतरी शहरात एका हॉटेलात लाल जेली खाल्ली होती, आणि तेव्हापासून भेटेल त्याला तो तिचंच कौतुक सांगायचा. मंदा फोनवर हसत हसत हे बोलली. सोजरनं तेवढंच धरलं. आखाडात लेक-जावयाला मटणाला बोलवायची आमच्याकडं रीत आहे. तिनं निरोप धाडला, मटण तर हायेच, अवंदा जेलीबी हाय. जावयाचा उलटा निरोप आला, जेवून लगेच माघारी.

गेवराईहून मी जेलीचे पुडे आणि फळाचा डबा आणला. तिनं डबा कानाशी धरून हलवला. "ह्यातलं फळ कवा मेलंय कुणाला ठावं. जावयाच्या ताटात मढं वाढू का?" घरामागं पपई लगडली होती. तिनं ती चिरली, पुडा कढत पाण्यात विरघळवला आणि सगळं एका भांड्यात ओतलं. भांडं आमच्या लग्नाच्या आहेरातलं, जर्मनचं, कडेनं कळ्याकळ्यांचं. एरवी आम्ही त्यात शेळ्यांना भरडा द्यायचो. राखेनं घासून घासून तिनं ते चांदीसारखं केलं आणि फ्रीजमध्ये शेळ्यांच्या लसीशेजारी ठेवलं.

सकाळी बघितलं तर सरबत. दुसऱ्या दिवशीही सरबतच. मग तिनं नाइलाजानं डबा फोडला. ह्या वेळी जेली थंडीत पायाचा रस्सा थिजतो तशी थिजली. ताटात उपडी केली तर कळ्यांसकट उभी राहिली आणि थरथरायला लागली. मी खाल्ली. खोकल्याचं औषध गोठवल्यासारखी लागली.

सोजरनं चाखलीसुद्धा नाही. ती खिडकीतून पपईकडं बघत होती. "पपईनं थिजत न्हाई ही," म्हणाली आणि हसायला लागली.

"हसतीस कावून?"

"तुमी आणखी पुडे आणा. अन् एकच डबा."

जावई आला, मटण हाणलं आणि जेलीची चौकशी केली. सोजर म्हणाली, "रातभर थिजावी लागती, पाव्हणं. सकाळी खाऊन जा." सकाळी सरबत. सोजरनं कपाळावर हात मारला, "मेली लाइटच नव्हती." दुसऱ्या दिवशी लाइट हलली नाही, तरी सरबत. तोवर जावई फ्रीजसमोरून उठेना. ती म्हणाली, "तुमी सारखं दार उघडताव, कशी थिजंल ती?" गडी ओशाळला. रोज तिन्हीसांजेला ती पदराआड पपई घेऊन स्वयंपाकघरात शिरायची आणि मी शेळ्यांकडं तोंड करून बसायचो.

इकडं मंदा आईच्या मांडीवर डोकं टाकून पडलेली असायची. केसाला तेल, पोटाला भाकर, दोघींचं कुजबुजणं संपत नव्हतं. जावयाचा सदरा बादलीत होताच. माझी बंडी घालून तो शेळ्यांच्या धारा काढायला लागला. मंदानं निघायचा विषय काढला तर त्यानंच सांगितलं, "उद्याचा दिवस बघू की."

चार-पाच दिवसांनी सोजरनं डबा फोडला. जेली उपडी करायच्या आधी मला म्हणाली, "ते ट्रंकेतलं आणा." ट्रंकेत नवा फेटा होता. मी बांधला. फेटा बांधून जावई जेलीला बसला आणि एकट्यानं संपवली. दारातून एक शेळी त्या भांड्याकडं बघून सारखी ओरडत होती. ती कावून ओरडती ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यानंतर मंदाचं येणं तुटलं नाही.

माघात सोजरला ताप आला. दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही आणि दोन दिवसांत गेली. तिला अडवायला मला काही सुचलं नाही. अडवायचं काम तिचं होतं.

परवा मंदा येऊन राहिली आणि सकाळी पिशवी भरून निघाली. मला तिच्या आईसारखं येत नाही. दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "राहा चार दिस. मला करमत न्हाई."

मंदानं पिशवी खाली ठेवली. मग तिनं फोन लावून माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा त्यांला, दादा."

"बोला मामा," जावई म्हणाला.

"मंदा निघाली म्हणती," एवढंच मी म्हणालो.

"जेली थिजली न्हाई का, मामा?"

घरात पुडा नव्हता. फ्रीजमध्ये नुसती लस होती.

"न्हाई," म्हणालो.

"मग थिजूस्तवर ऱ्हाऊ द्या तिला," तो म्हणाला. "तवाबी मी पपई बघितलीच हुती की."