मनियारीण चाचींचं दुखणं

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. मिरजगावच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. दुष्काळी कामावर खडी फोडताना बोटं चेचलेली माणसं दिवसभर यायची आणि पट्ट्या बांधता बांधता मी मेटाकुटीला यायचे. त्यातच एका दुपारी घरोघर बांगड्या भरणाऱ्या मनियारीण चाचींना त्यांच्या मुलानं बैलगाडीतून आणलं. छातीचा कॅन्सर पाठीच्या हाडांत उतरला होता. पुण्याच्या डॉक्टरांनी 'आता घरीच ठेवा' म्हणून परत पाठवलं होतं.

"बाई, मरायचं भ्या न्हाई," चाची म्हणाल्या, "पन हे ठनकनं थांबवा. कुशीवर व्हता येत न्हाई."

माझ्याकडं ॲस्पिरिनच्या गोळ्या होत्या. मी डॉक्टरांना मॉर्फिनचं विचारलं. ते तरुण होते, सज्जन होते. म्हणाले, "त्याला परवाना लागतो, आपल्याकडं नाही. आणि खरं सांगू? असं दुखणं कसं हाताळायचं हे मला कॉलेजात कुणी शिकवलंच नाही. किती द्यायचं? श्वास थांबला तर?"

मलाही शिकवलं नव्हतं. बाळंतपण, देवीची लस, ड्रेसिंग, सगळं शिकवलं. दुखणं मात्र ज्याचं त्यानं सोसायचं.

तरी डॉक्टर एसटीनं दोनदा नगरच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. दुसऱ्या खेपेला चाचींच्या नावावर, सहीशिक्क्यानिशी पेथिडीनची, मॉर्फिनसारख्याच औषधाची, सहा इंजेक्शनं मिळाली. पहिलं दिल्यावर अर्ध्या तासानं चाचींनी चहा मागितला. माझ्या मनगटाकडं बघून म्हणाल्या, "असा ओकाबोका हात बरा दिसत न्हाई, बाई."

इंजेक्शनं तीन दिवसांत संपली. चाची त्यानंतर अकरा दिवस जगल्या. मी रोज दुपारी त्यांच्या घरी जायचे, कूस बदलून द्यायचे. त्या किंचाळायच्या. मग मी नुसती बसून राहायचे.

पुढं दुष्काळी कामं बघायला आमदार आले, तेव्हा मी धीर करून म्हणाले, "साहेब, दुखणं कमी कसं करायचं, हे शिक्षण डॉक्टर-नर्सना सक्तीचं करा. तसा कायदाच करा."

त्यांनी शांतपणे ऐकलं. "लिहून द्या," म्हणाले.

दोन पानं लिहिली. डॉक्टरांनीही सही केली. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे. त्याच टपालात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचा आकडा कमी का, असा खुलासा मागणारं पत्र होतं. मी आधी त्याचं उत्तर लिहिलं.

डॉक्टरांची बदली झाली. मी दुसरा अर्ज केला नाही. अंगात तेवढं बळच उरलं नव्हतं. नव्यानं येणाऱ्या नर्सना एवढंच सांगायचे, "पेशंट दुखतंय म्हणाला तर आधी शेजारी बसा. कुठं दुखतं, कसं दुखतं, विचारा." त्यापुढचं मलाच ठाऊक नव्हतं.