हातावर दिलेलं बी

मथुराबाई माझी सासू. सून सासूचं गुणगान करायला बसली की लोकांना हसू येतं, म्हणून आधीच सांगून टाकते. ती फटकळ होती, हट्टी होती आणि माझ्या भाकरीला तिनं जन्मात कधी बरं म्हटलं नाही. पण वाळकाच्या बाबतीत तिच्या तोडीची बाई मी पाहिली नाही.

उमरखेडपासून दोन-तीन कोसांवर, पैनगंगेच्या काठी आमचं गाव. घरामागं जमिनीचा एक तुकडा होता. त्यात ज्वारीच्या कडेनं ती वाळकाचे वेल लावायची. काकडीच्या जातीचं, पण पिकल्यावर गोड लागणारं हे वाळूक तिच्या आईकडचं. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत बी बांधून आणलेलं. पिकलं की ते आपोआप तडकायचं आणि घरभर वास सुटायचा. वेलाला आलेलं पहिलं चांगलं फळ ती कुणाला खाऊ द्यायची नाही. त्याला लुगड्याची चिंधी बांधायची, म्हणजे हे बियाण्याचं. पिकल्यावर देठाकडची फोड आधी स्वतः चाखायची आणि जराशी कडू लागली तरी अख्खं फळ ढोरांपुढं टाकायची. शेतात उगवणारं रानटी शेंदाड दिसेल तिथं उपटायची, कारण त्याच्या संगतीनं वाळूक कडू होतं, असं तिचं म्हणणं. पारखलेलं बी राखेत चोळून, वाळवून ती एका लहान गाडग्यात भरायची. ते गाडगं देवांच्या टोपलीत, देव कोरलेल्या पत्र्याच्या टाकांखाली ठेवायची, कारण तिथं कुणी हात घालत नाही.

छप्पनच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. घरोघरच्या देवांच्या टोपल्या नदीत सोडायचं ठरलं. माझे सासरे उकंडा टोपली उचलायला आले, तर सासूनं त्यांना हातही लावू दिला नाही. स्वतःच डोक्यावर घेतली आणि वरचं फडकं न सोडता डोहात टाकली. आता त्या देवांचं तोंड बघायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

पुढच्या मृगात मी नवी नवरी होते. सासू बियाणं काढायला टोपलीच्या कोपऱ्यात गेली आणि रिकाम्या जागेकडं बघत उभीच राहिली. मग मटकन खाली बसली.

"देवायसंग बीयाणंही बुडवलं व माय मी," ती म्हणाली.

देवांसाठी तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती रडली, आणि दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

गावात हे बी आणखी एकाच घरी होतं. तानाबाई ही गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची बायको. सासू तिच्या शेतावर मजुरीला जायची आणि तिथलंही बियाण्याचं वाळूक चाखून द्यायची. मूळ बी सासूनंच दिलेलं. देण्याची रीत अशी, की सासूनं ते ओट्याच्या कडेला ठेवायचं आणि तानाबाईनं पाणी शिंपडून उचलायचं. तानाबाईला काही द्यायचं असलं, तर ती ओट्यावरून सासूच्या पदरात टाकायची, बोटाला बोट लागू न देता. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि गावानं आम्हाला काम देणं बंद केलं.

तरी सासू गेली. बी रित्या हातानं मागत नाहीत, म्हणून चवळीची पुरचुंडी घेऊन गेली. मी मागं होते. तानाबाई वाईट नव्हती. ती आतून मूठभर बी घेऊन आली आणि ओट्यावर उभी राहिली.

"धर पदर, मथुरे."

सासूनं हात पुढं केला. "हातावर द्या, तानाबाई."

"काहून? आजच काय नवीन हाय?"

"धम्म घेतला तवापासून पदर पसरत नाई मी."

तानाबाईनं मागं वळून पाहिलं. दारात तिची म्हातारी सासू उभी होती. तानाबाईनं मूठ मागं घेतली. मग ती म्हणाली, "मंग राहू दे," आणि आत गेली. सासूनं चवळी ओट्यावर ठेवली आणि निघाली.

वाटेत माझा संताप झाला. "पदरात घेतलं असतं तं काय बिघडलं असतं, आत्याबाई? बी तं भेटलं असतं."

"भेटलं असतं," ती म्हणाली, आणि चालत राहिली.

आईचं बी हिनं दुसऱ्यांदा बुडवलं, असं मला तेव्हा वाटलं. खोटं कशाला सांगू, चार पावसाळे मी तिच्यावर रागावलेली होते. त्या चार वर्षांत आमच्याकडं वाळूक झालं नाही.

साठच्या दिवाळीनंतर एका दुपारी तानाबाई एकटीच आमच्या वस्तीत आली. त्या घरचं माणूस पहिल्यांदाच आमच्या अंगणात उभं होतं. तिच्या पदराआड दोन वाळकं होती.

"समदे वेल कडू झाले, मथुरे," ती म्हणाली. "पैले फळ गडी खातात, उरलंसुरलं आमी बियाले ठेवतो. शेंदाड कोनी उपटत नाई. विहिरीजवळच्या वेलाचे हे दोनच राह्यले. तूच चाखून पाह्य."

आणि तिनं ती वाळकं सासूच्या हातात दिली.

सासूनं पहिलं चिरलं, चाखलं आणि थुंकलं. दुसऱ्याची फोड तोंडात घेतली आणि डोळे मिटले. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडं बघत उभ्या होतो. तिनं बराच वेळ फोड गिळली नाही.

"मायचं हाय," ती म्हणाली, आणि उरलेली फोड माझ्या हातात दिली. मी ते वाळूक पहिल्यांदाच खात होते. गोड होतं.

पुढच्या वर्षी त्याच बियाण्याच्या आमच्या वेलांना पुन्हा चिंध्या बांधल्या गेल्या. बी वाळल्यावर सासूनं तानाबाईला निरोप धाडला. ती आली, आणि बायकांना सवयच असते तसा तिनं आपसूक पदर पसरला.

सासूनं भरलेली मूठ मागं घेतली.

"पदर नोको, तानाबाई. हात पुढं करा."

तानाबाईनं पदर सोडला आणि दोन्ही हात पुढं केले. सासूनं तिच्या तळहातावर हात टेकवून मूठ उघडली. त्या दिवशी कुणी पाणी शिंपडलं नाही.