निधीच्या उपलब्धतेनुसार

आमच्या आरोग्य केंद्राच्या सूचनाफलकावर सुधारित वेतनाचा आदेश लावलेला आहे. उन्हाने कागद पिवळा पडला, पण हातात येणारे वेतन अजून जुनेच आहे. काल लसीची पेटी खांद्याला अडकवून निघालेल्या सुनंदा सिस्टर त्यापुढे थांबल्या. शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली : ‘निधीच्या उपलब्धतेनुसार.’ मग माझ्या, म्हणजे केंद्रातल्या लिपिकाच्या, टेबलाकडे वळल्या.

“काय भाऊ, उद्या बाळंतीण आली की मीही म्हणू का, सवडीच्या उपलब्धतेनुसार बघते?”

मी हसलो, पण त्या गेल्यावरही ते वाक्य खोलीत राहिले. पोटातले मूल कुणाच्या तरतुदीसाठी थांबत नाही. थांबायचे ते सिस्टरांच्या घरानेच.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. गावच्या शाळेने मला शब्द दिले. ते ऋण फेडायची जागा एखादा सरकारी मसुदाही असू शकते, हे कधी सुचले नव्हते.

आज सुधारित वेतनासाठी निधीच्या मागणीचे पत्र लिहिताना सवयीने तेच दोन शब्द आले. मी थांबलो, आणि त्यांच्या जागी लिहिले : ‘या महिन्यापासून.’

साहेबांनी खोडले, तर पुन्हा लिहीन.