आप्पांचा लिथुआनिया

जगाच्या पाठीवर कुठेही दोन देश भांडले की त्याचा त्रास सगळ्यात आधी आमच्या आप्पांना व्हायचा. आप्पा म्हणजे माझे चुलतसासरे. पाटसच्या पुढे ओढ्याकाठच्या आमच्या गावात त्यांचं उसाचं रान होतं, ग्रामपंचायतीत कायमची खुर्ची होती, आणि खांद्याला पट्ट्याने अडकवलेला एक रेडिओ होता. पाटाची दारं धरायला निघाले तरी रेडिओ बरोबर. उसाला पाणी आणि आप्पांना बातम्या, दोन्ही एकाच वेळी मिळायचं. पण बातमी पुरी ऐकून मग मत बनवणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. मत आधीच तयार असायचं, बातमी मागून येऊन त्याला जुळली तर ठीक, नाही जुळली तर निवेदक कच्चा होता.

मी शिरूरची. बी.ए. होऊन या घरात लग्न करून आले त्याच वसंतात सोव्हिएत संघातून लिथुआनिया नावाच्या देशाने बाहेर पडायचं ठरवलं. माझ्या हातावरची मेंदीही उतरली नव्हती. आप्पा सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “सूनबाई, तुमी शिकलेल्या हाय. लिथुआनिया कुठं आला?” मला सांगता आलं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मला भाकरी थापता येत नाही हे आत्ताच उघडकीला आलं. शेवटी दिरांचा शाळेचा नकाशा काढून आम्ही दोघांनी तो देश शोधला. माझ्या नखाखाली सगळाच्या सगळा झाकला गेला. आप्पांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिला आणि अतिशय दुखावल्या आवाजात म्हणाले, “एवढासा? आन् ह्यो फुटून निघालाय?”

फुटणं या गोष्टीचा आप्पांना मनापासून तिटकारा होता. कान तुटलेला कप ते डिंकाने जोडायचे आणि स्वतः त्यातच चहा प्यायचे, तो कान कधी हातात यायचा आणि चहा धोतरावर. गावात कुणाची सून रुसून माहेरी गेली की तिला आणायला नवऱ्याआधी आप्पा निघायचे, आणि पुष्कळदा तिच्या माहेरी जेवून, तिचंच म्हणणं खरं असल्याचं पटवून घेऊन, एकटेच परतायचे. वाटणी हा शब्द आमच्या घरात उच्चारायचा नाही असा त्यांचा दंडक होता. माझे सासरे गावचे सरपंच आणि आप्पांचे थोरले भाऊ. दोघांचं रान एक, चूल एक. आप्पा ते अभिमानाने सांगायचे, आणि ऐकणाऱ्याने विचारलं नसेल तर जास्तच सांगायचे.

तर अशा माणसाने लिथुआनियाला जाऊ देणं शक्यच नव्हतं. फाट्यावरच्या हॉटेलात त्यांनी सोव्हिएत संघाची बाजू घेतली, आणि समोरून लिथुआनियाची बाजू घेतली बिरूमामांनी. बिरूमामा ओढ्यापलीकडच्या वाडीचे. त्या वाडीतली माणसं एके काळी मेंढरांमागे हिंडायची, आता बहुतेक सगळी शेतीत स्थिरावली होती. आप्पा आणि बिरूमामा लहानपणापासूनचे मित्र, म्हणजे लहानपणापासून एकमेकांचं एक वाक्यही पुरं होऊ न देणारे. आप्पा जेवढे भडाभडा बोलायचे तेवढे बिरूमामा सावकाश. त्यांचं म्हणणं इतकंच, की ज्याला जायचंय त्याला जाऊ द्यावं. बघता बघता हॉटेलात दोन बाकं पडली. एका बाकावर ‘एकीवाले’, दुसऱ्यावर ‘फारकतवाले’. साखर कारखान्याचा हंगाम संपत आलेला, माणसांना सवड होती. ज्यांनी दौंडच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं ते लिथुआनियाच्या समुद्रकिनाऱ्याबद्दल हातवारे करून बोलत. एका सोयरिकीची बोलणी मुलीकडचे फारकतवाले निघाल्यामुळे आठवडाभर अडली होती, असं आप्पा सांगायचे. ती बोलणी आप्पांनीच अडवली होती हे सासूबाई सांगायच्या.

चैत्रात गावची जत्रा भरली. दुसऱ्या दिवशी कुस्त्यांच्या आधी जाहीर चर्चा ठेवायची असं ठरलं. देवळासमोरच्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं, ‘लिथुआनियाने राहावे की जावे’, आणि त्याखाली ‘नंतर निकाली कुस्त्या’. मंडपात ही गर्दी. आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. आप्पांनी नवा फेटा बांधला होता आणि भाषणाची तयारी इतके दिवस चालवली होती, की घरातल्या म्हशीसुद्धा ते ऐकून कंटाळल्या असतील.

पहिल्यांदा बिरूमामा उभे राहिले. त्यांनी माईक हातात घेतला, तो जरा लांब धरला. मग म्हणाले, “त्या मुलखाचं मला काय बी ठावं न्हाई. कालच्या पेपरात वाचून दावलं, की त्यांचं त्याल बंद केलंय. जातो म्हनला म्हनून. आमी तर कवा जातो म्हनलं न्हाई. तरी आमच्या वाडीत नळाचा पाइप आलाय, पानी आलं न्हाई.” एवढंच बोलून ते खाली बसले.

वाडीतल्या बायका उन्हाळाभर ओढ्याच्या वाळूत झरे खणून पाणी भरतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण ते असं माईकवरून कुणी ऐकलं नव्हतं. वाडीला स्वतःची ग्रामपंचायत हवी ही कुजबुज जुनी होती. माझे सासरे ती कानावर येऊ देत नसत. आता ते पुढच्या खुर्चीत ताठ बसले होते आणि आप्पांकडे पाहत होते, की धाकटा भाऊ आता उठेल आणि या बोलण्याच्या चिंधड्या करील.

आप्पा उठले. फेटा सारखा केला. मग म्हणाले, “पाइप पुरायच्या ठरावावर माझी सही हाय. पानी गेलं का, ते बघायला मी गेलो न्हाई. तवा ऱ्हावा म्हनायला मला तोंड न्हाई.” आणि थोडं थांबून, कुणाच्या लक्षात राहू नये अशा आवाजात म्हणाले, “पर ऱ्हायला असता तर बरं झालं असतं.”

त्या दिवशी कुस्त्या झाल्या, पण त्या कुणी जिंकल्या हे आज कुणाला आठवत नाही.

जत्रेनंतर वाडीने वेगळ्या पंचायतीसाठी अर्ज केला, पण पुढचं सोपं नव्हतं. वाडी गेली म्हणजे सरपंचपदाची बेरीज बिघडली. सासऱ्यांनी आप्पांशी बोलणं सोडलं. ज्या घरात वाटणी हा शब्द नव्हता त्या घरात दोन भाऊ वेगवेगळ्या वेळी जेवायला बसू लागले. आप्पांना ते फार लागलं. जेवण कमी झालं, रेडिओ खुंटीला राहू लागला. मी ताट वाढताना एकदा धीर करून म्हटलं, की तुम्ही मामंजींची समजूत का काढत नाही. तर म्हणाले, “दादाचं चुकत न्हाई, सूनबाई. माझं बी चुकत न्हाई. त्येचाच तर घोर हाय.”

पण वाडीच्या अर्जाचा पाठपुरावा त्यांनी सोडला नाही. कधी दौंडला पंचायत समितीत, कधी पुण्याला, एस.टी.ने आप्पा आणि बिरूमामा बरोबर जायचे. कचेरीत आप्पा साहेबांसमोर वाडी वेगळी होणं किती गरजेचं आहे ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे, आणि परतीच्या गाडीत वाडीने वेगळं होणं ही किती मोठी चूक आहे ते बिरूमामांना पाटसपर्यंत पटवत यायचे. एका कंडक्टरने म्हणे कंटाळून विचारलं, की बाबा, तुम्ही नक्की कुणीकडचे? आप्पांनी सांगितलं, “मी एकीवाला. पर काम फारकतीचं करतोय.” तोवर तिकडे सोव्हिएत संघच संपला. ते ऐकून आप्पांनी एक वेळ उपास केला.

काही वर्षं गेली आणि वाडीला स्वतःची पंचायत मिळाली. जागा बाईसाठी राखीव निघाली आणि बिरूमामांची सून हिराबाई पहिली सरपंच झाली. वर्षाच्या आत तिने पाणी आणलं. नळ सुरू व्हायच्या दिवशी आप्पा ओढ्याच्या पुलावर थांबले आणि पलीकडच्या माणसांना ओरडून विचारू लागले, की आत यायला परवाना लागतो का, आम्ही परदेशातून आलोय. सगळी हसत असताना मागून माझे सासरे आले. बोलावणं सगळ्यांनाच होतं, पण ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते पूल ओलांडून सरळ नळापाशी गेले. नळाखाली ओंजळ धरली, पाणी प्यायले, ओल्या हातानेच आप्पांच्या पाठीवर एक थाप मारली आणि घरी गेले. दुपारी दोघांची ताटं मी शेजारी शेजारी वाढली. आयुष्यात मी पुष्कळ सोहळे पाहिले, पण मान इतकी ताठ ठेवून मी कधी वाढलं नसेल.

बिरूमामा त्यानंतर बरीच वर्षं होते. ते गेले, आणि पुढच्याच वर्षी पेपरात आलं, की लिथुआनिया युरोपच्या संघात सामील झाला. आप्पांनी ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. फेटा बांधला, काठी घेतली, मला बरोबर घेतलं आणि वाडीत हिराबाईच्या ओट्यावर जाऊन बसले. चहा येईपर्यंतही त्यांना दम नव्हता. “सरपंचबाई, तुमचा सासरा हरला. गेलेला गडी परत संघात आला. एकीशिवाय गत न्हाई.”

हिराबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला, चहाची बशी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि सावकाश म्हणाली, “आप्पा, पर या टायमाला त्यो आपल्या मनानं संघात गेला न्हवं? पयल्या संघात घेताना त्याला इचारलं कुणी हुतं?”

आप्पांनी बशी उचलून चहा संपवला. निघताना हिराबाईच्या डोक्यावर हात ठेवला, तो जरा जास्तच वेळ राहिला.

परतताना पुलावर ते दमले म्हणून आम्ही थांबलो. खाली ओढ्याला पाणी नव्हतं, पलीकडे कुणीतरी उसाला पाणी देत होतं. आप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, “बिरू असता तर त्यानं बी ह्येच म्हनलं असतं. पर इतकं झटक्यात न्हाई. मला सांच्यापत्तोर बसवून ठिवलं असतं.”

ऊन अजून पुष्कळ होतं. घरी जायची त्यांना घाई दिसली नाही, म्हणून मीही उभी राहिले.