देवीच्या दारात सुटला उपास

माझ्या दुधात काही कमी आहे की माझ्या भक्तीत, हा प्रश्न त्या हिवाळ्यात मला सारखा पडत असे. मुलगी तीन महिन्यांची होत आली होती. हसरी, शांत. रडणं तर तिला ठाऊकच नव्हतं. पण अंग काही धरत नव्हती. बारशाला शिवलेलं झबलं अजूनही तिच्या खांद्यावरून घसरायचं. दर आठवड्याला तिला दवाखान्यात नेऊन काट्यावर ठेवायची आणि काटा मागच्या खेपेच्या जवळपासच थांबायचा. कधी एखादा केस पुढे, एवढंच. ती मात्र त्या थंडगार पत्र्यात पडून आमच्याकडे बघून खुदकन हसायची. तिच्या त्या हसण्यानेच मला जास्त भरून यायचं.

आम्ही नागपूरच्या जरीपटक्यात एका सिंधी कुटुंबाच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. माझी आई माझ्या लग्नाआधीच गेलेली. सासूबाई सव्वा महिना राहून गेल्या, मग गावाकडे कापूस वेचणीला आला आणि त्यांना जावं लागलं. घरात विचारायला मोठं बायमाणूस नाही म्हटल्यावर सगळी गल्लीच माझी वडीलधारी झाली. समोरच्या काकूंनी सोमवार धरायला सांगितला. घरमालकिणीने प्रेमाने गालावरून हात फिरवून "बेटी, गुरुवार करो" म्हटलं. हे ज्या कचेरीत होते तिथल्या एकांच्या बायकोने शनिवार सुचवला, चतुर्थी तर मी माहेराहूनच करत आले होते. मला कुणालाच नाही म्हणवेना. शेवटी शुक्रवार देवीचा म्हणून मी स्वतःच जोडला. जेवायला आठवड्यात मोजके वार उरले, आणि त्या वारांनाही घास गळ्याखाली उतरत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फार मायाळू होत्या. दर वेळी "तुम्ही नीट जेवत जा हं" म्हणायच्या. मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, बाळाचं वजन वाढलं की जेवेनच की.

एका गुरुवारी मात्र त्यांनी मुलीला काट्यावरून उचलून स्वतःच्याच मांडीवर घेतलं. पुढच्या खेपेला फरक दिसला नाही तर डब्याचं दूध सुरू करू, वाटलं तर दोन दिवस भरतीही करून घेऊ, असं त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या.  घरी येऊन देवापुढे बसले आणि ठरवून टाकलं: उद्या कोराडीच्या देवीला जायचं, पाण्याचा थेंबही न घेता दर्शन करायचं आणि तिच्या पायाशी मुलीला ठेवायचं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. 

सकाळच्या बसने निघालो. पोरीला लोकरीचं टोपरं, स्वेटर, दोन दुपटी, वरून गोधडी असं गुंडाळलं होतं. त्या काळी देऊळ लहान होतं, पण शुक्रवारची गर्दी बरीच होती. रांग हळूहळू सरकत होती. माझी पाळी आली तेव्हा मुलीला मी देवीपुढे ठेवलं, आणि काय मागायचं ते सगळं घोकून नेलेलं असूनही एक शब्द आठवेना. नुसतीच बघत राहिले. शेवटी मागच्या बाईंनी खांद्याला हात लावून मला पुढे सरकवलं.

बाहेर आले तर उन्हात सगळं पांढरं दिसायला लागलं. ह्यांनी बाळ घेतलं आणि मी तलावाच्या बाजूच्या एका कडुनिंबाखाली मटकन बसले. त्याच झाडाखाली एका शेतकरी कुटुंबाचा स्वयंपाक चालला होता. दर हिवाळ्यात येत, यंदा सून सुखरूप बाळंत झाली म्हणून नवसही फेडायचा होता. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजत होते, शेजारी वांग्याच्या भाजीचं पातेलं रटरटत होतं. सुनेच्या मांडीवर असं गुटगुटीत बाळ होतं की मला त्याच्याकडे बघवेना. त्यांच्यातली म्हातारी, म्हणजे सुनेची सासू, माझ्यापाशी आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तिने काही विचारलंच नाही. माझ्यापुढे पत्रावळ मांडली, त्यावर गरम रोडगा फोडून टाकला आणि तुपाचा पळीभर ओघळ सोडला.

मी हात जोडून म्हटलं, "आजी, माझा उपास आहे."

"काहून वं?"

"बाळाचं वजन वाढावं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ह्यांच्या हातातल्या पोरीकडे पाहिलं. म्हातारीच्या तोंडावर हसू नव्हतं, रागही नव्हता.

"लेकराच्या वजनासाठी माय उपाशी, तं लेकरू काय खाईन बाई?"

माझे डोळे भरून आले. मी कसंबसं म्हटलं की देवीला शब्द दिलाय, आता मोडू कसा? ती माझ्याशेजारी फतकल मारून बसली.

"उपास तिचा, परसादही तिचाच. तिचं ती पाहून घेईन. तू जेव."

मी पहिला घास घेतला. खरं सांगते, त्या रोडग्याची चव मला अजून शब्दात सांगता येत नाही. दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि मग मी थांबलेच नाही. हे मुलीला मांडीवर घेऊन पलीकडे तलावाकडे तोंड करून जेवत होते. म्हातारी वाढत होती आणि मी खात होते. पोरगी कुरकुरली तशी म्हातारीने तिची गोधडी काढली, दुपटी सोडली. एवढ्या उबेत लेकरू झोपणारच, ते दूध कशाला ओढेल, असं म्हणून तिला माझ्या पदराखाली दिलं. सून जवळ सरकून बसली. माझी मुलगी नेहमीप्रमाणे चार घोट घेऊन पेंगली. मी तिला खाली ठेवणार, तर सुनेने तिचे तळवे चोळले, दुसऱ्या बाजूला घ्यायला लावलं. पुन्हा पेंगली, पुन्हा तळवे. दोघी हसत होत्या, मग मलाही हसू आलं. नंतर मी तिथेच घोंगडीवर आडवी झाले आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. मुलीने जराशी चुळबुळ केली की म्हातारी तिला आणून माझ्या कुशीत द्यायची. दुपार अशीच गेली. निघताना तिने मेथीची एक जुडी आणि गुळाचा खडा माझ्या पिशवीत टाकला.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी मुलीला आपल्या मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाले, "मी देवीजवळ बाळाचं काही मागितलंच नाही. म्हटलं, हिला जेवायची बुद्धी दे."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते लाजले होते.

त्यानंतर मी रोज दोन वेळा पोटभर जेवले. गल्लीतल्या प्रत्येकीला सांगितलं की उपास देवीने सोडवला, आणि देवीचं नाव ऐकल्यावर कुणी वाद घातला नाही. उलट घरमालकिणीने त्यांच्याकडचं गरम दालपकवान, डाळ आणि कडक पुरी, पाठवलं. मुलीला जागं करून करून पाजत गेले. गुरुवारी काटा हलला. थोडाच, पण हलला. पुढच्या गुरुवारी चांगलाच पुढे गेला. डॉक्टरीणबाईंनी परिचारिकेलाही बोलावून दाखवला, डब्याचा विषय पुन्हा काढला नाही, आणि काय केलंत म्हणून विचारलं. मी म्हटलं, "जेवले." त्या इतक्या हसल्या की मुलगीही त्यांच्याकडे बघून खिदळायला लागली.

पुढच्या वर्षी मुलगी धावायला लागली तेव्हा आम्ही पुन्हा कोराडीला गेलो. आणि नवल म्हणजे ते कुटुंब त्याच झाडाखाली स्वयंपाक करताना भेटलं. मी धावत जाऊन म्हातारीच्या पाया पडले, मुलीला तिच्या पायावर घातलं, सगळं सांगितलं. तिने डोळे बारीक करून मला नीट पाहिलं आणि मान हलवली.

"मले काई याद नाही बाप्पा. इथं तं कितीक जण जेवून जातात."

आधी जरा वाईट वाटलं. मग वाटलं, असंच असायला हवं. मी वर्षभर जिला देवाच्या जागी ठेवलं होतं, तिच्या लेखी ती फक्त एका भुकेल्या बाईला वाढत होती. पुष्कळ लोक म्हणतात, कोराडीची देवी दिवसभरात रूप पालटते, सकाळी बालिका असते आणि सांज होता होता म्हातारी होते. मी त्यावर काही बोलत नाही. मला एवढंच कळतं की मी तिच्याशी सौदा करत होते, इतके वार माझे, इतकं वजन तुझं. तिने तो सौदा बाजूला सारला आणि माझ्यापुढे पान वाढलं. स्वतःला तिच्यावर सोपवणं म्हणजे काय, ते मला कुठल्या पोथीत नाही, त्या पानावर समजलं. समोर आलेलं नम्रपणे घ्यायचं, एवढंच.

म्हातारीने मुलीला मांडीवर ओढलं, तिच्या हातात रोडग्याचा तुकडा दिला, आणि आम्हाला म्हणाली, "उभे काहून? बसा, जेवून जा."

आम्ही बसलो.